टॅपेट कव्हर उघडण्याआधी

इंजिनाच्या अगदी माथ्यावर बसलेलं झाकण काढायचं, त्याखालचं पॅकिंग बदलायचं आणि तेल झिरपणार नाही अशा रीतीने ते पुन्हा बसवायचं, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. कंपनीच्या पुस्तकात या झाकणाला सिलिंडर हेड कव्हर म्हणतात, कंधारच्या गॅरेजात टॅपेट कव्हर. पुढे सगळीकडे हेच नाव वापरलं आहे. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षं चाललेली मोटार उभी आहे, जिच्या बॉनेटखालून घाट चढून आल्यावर जळक्या तेलाचा वास येतो, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

सांगायचं मुख्य ते आधीच सांगतो. या कामाला ताकद फार थोडी लागते आणि वेळ पुष्कळ लागतो. पॅकिंग बसवायला पाच मिनिटं पुरतात, पण ज्या पृष्ठभागावर ते बसायचं तो पृष्ठभाग कोरडा, गुळगुळीत आणि स्वच्छ करायला अर्धा दिवस जाऊ शकतो. दुसरी गाडी बाहेर उभी असलेल्या गॅरेजला हा अर्धा दिवस देणं परवडत नाही. गाडीच्या मालकाला सुट्टीत तो देता येतो. म्हणून योग्य काळजी घेतली तर हे काम घरच्या अंगणात गॅरेजइतकंच, कित्येकदा गॅरेजपेक्षाही नीट होतं.

आपल्या भागाला या कामाची गरज का, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कंधारला रेल्वे नाही. जगत्तुंग समुद्राच्या आणि किल्ल्याच्या या गावातून दवाखान्याला, कोर्टाला, कॉलेजला, लग्नाला निघायचं तर रस्ताच धरावा लागतो. लोह्याला जाऊन नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागलं की एकीकडे नांदेड, दुसरीकडे अहमदपूर ओलांडून लातूर. या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींतल्या कित्येक मोटारी पुण्या-मुंबईत काही वर्षं काढून, हात बदलून इकडे आलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. बालाघाटच्या चढांवर पाच जागांच्या गाडीत सात माणसं असतात. माळेगावच्या यात्रेत गाडी तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये सरकते. या सगळ्याची झळ सर्वांत आधी इंजिनातल्या रबराला लागते, आणि माथ्यावरचं पॅकिंग हा त्या रबराचा एक लांब पट्टा असतो.

इंजिनाचं झाकण उघडणं ही आपल्या शेतकऱ्याला नवी गोष्टही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत पाच अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं ऑइल इंजिन मराठवाड्यातल्या विहिरींवर पोचलं. आखाड्यावर ते इंजिन बंद पडलं की तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत पिकाला धीर नसे. म्हणून गावातलाच कोणी तरी माथ्यावरचं झाकण काढी, रॉकर आणि टॅपेटची फट बघे, तेलाचा थेंब पोचतो का ते पाही आणि झाकण लावून टाकी. विजेवरचे पंप आले तशी ती इंजिनं कडेला पडली, पण हाताची ती सवय ज्यांनी पाहिली आहे अशी माणसं अजून प्रत्येक गावात आहेत. १९२० साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’पासून यंत्राविषयी मराठीत वाचण्याची आवडही आपल्याकडे रुजली. मोटारीच्या बाबतीत मात्र बॉनेट उघडायचं ते फक्त पाणी घालायला, असा समज पसरला. तो समज थोडा मागे सरावा, ही या लेखनामागची इच्छा आहे.

मोटारींच्या रचनेचा इतिहास थोडक्यात पाहिला तर हे झाकण आजच्या जागी कसं आलं ते कळतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलीज जीपच्या सुरुवातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह माथ्यावर नव्हतेच, ते ब्लॉकच्या कुशीत होते. माथा म्हणजे एक सपाट ओतीव तुकडा. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट यांच्यात व्हॉल्व्ह वर गेले. त्यांच्यावर दाबून घडवलेल्या पत्र्याचं टोप बसलं आणि त्याखाली बुचाच्या लाकडाचं पॅकिंग आलं. बूच उन्हाळ्यात सुकून आकसे, म्हणून त्या गाड्यांचे मालक वर्षाआड पॅकिंग बदलत आणि त्याचं त्यांना काही विशेष वाटत नसे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली चावी ग्राहकाच्या हाती गेली. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्टच माथ्यावर आला आणि तो दाती पट्ट्यावर फिरू लागला. अशा इंजिनात झाकणाची गळती केवळ घाण करत नाही. तेल पट्ट्यावर उतरलं तर पट्ट्याचं रबर सडतं आणि पट्टा वेळेआधी तुटू शकतो. २००८ साली ए-स्टारबरोबर आलेल्या के-मालिकेच्या ९९८ सीसी इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी आली. पुढे अल्टो के-१० आणि वॅगन आरमधून हे इंजिन आपल्या गावोगावी पोचलं. साखळीच्या इंजिनात पुढचं टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात, तिथे दोन बारीक सांधे तयार होतात आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग त्या सांध्यांवरून आडवं जातं. गळतीची सुरुवात बऱ्याचदा याच दोन कोपऱ्यांतून होते. आपली गाडी यांपैकी कोणत्या घडणीची आहे, हे ओळखणं ही कामाची पहिली पायरी.

आता या झाकणाखाली नेमकं काय चालतं ते पाहू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तेलाचा पंप तेल दाबाखाली कॅमशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. तिथून बाहेर पडलं की त्या तेलाचा दाब संपतो. ते कॅमवर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर उडतं आणि हेडमधल्या भोकांतून स्वतःच्या वजनाने खाली तेलाच्या टाकीत परततं. म्हणजे टॅपेट कव्हरला अडवायचे असतात ते उडालेले शिंतोडे आणि गरम वाफ. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगला स्फोटाचा दाब सोसावा लागतो, तसं इथे काही नाही. एवढं समजलं की बोल्ट जिवाच्या आकांताने आवळायचं कारणच उरत नाही. रबर सगळीकडे सारखं दाबलं गेलं की पुरे.

मग गळती होते कशी? पहिलं कारण वय. जुन्या कुकरची रिंग जशी कडक होते आणि दाबल्यावर पुन्हा फुगत नाही, तसंच हे पॅकिंग तेलात आणि उष्णतेत वर्षानुवर्षं राहून आपली लवचीकता हरवतं. साधं नायट्राइल रबर शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास लवकर म्हातारं होतं. ॲक्रिलिक रबर दीडशेपर्यंत टिकतं. सिलिकॉन रबर त्याहून वर जातं. बाजारात दिसायला सारखी दोन पॅकिंग वेगवेगळ्या भावाला मिळतात, त्यामागे हा फरक असू शकतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि जास्त दुर्लक्षित आहे. पिस्टनच्या रिंगांमधून जळलेल्या वायूचा थोडा अंश नेहमीच खाली निसटतो. त्याला वाट द्यायला जुन्या इंजिनांना उघडी ब्रीदर नळी असे. १९६० च्या दशकात अमेरिकेत धुराविषयी कायदे आले आणि हा वायू परत इंजिनाकडे ओढून जाळणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह रूढ झाला. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने तुंबली की आतला वायू कोंडतो आणि सर्वांत कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी नुसतं पॅकिंग बदललं तर तीच गळती काही महिन्यांत परत येते आणि दोष पॅकिंगच्या माथी जातो. म्हणून झाकणाला हात लावण्याआधी पीसीव्ही काढून साफ करायचा किंवा बदलायचा, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. पीसीव्ही ठीक असूनही चालू इंजिनाच्या तेल भरायच्या तोंडातून जोराने धूर फुसफुसत असेल तर रिंगा झिजल्या आहेत आणि दुखणं झाकणाच्या खूप खाली आहे.

तिसरा प्रश्न असा की गळती खरंच इथूनच आहे का? तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे फेकलं जातं, त्यामुळे जिथे ओल दिसते तिथे उगम असतोच असं नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, इतरत्र कॅमचं सील किंवा तेलाच्या दाबाचा सेन्सर असे अनेक भिडू झाकणाच्या जवळच बसलेले असतात. आपल्या भागातली धूळ इथे उपयोगी पडते. जिथे तेल तिथे ती काळी होऊन चिकटते, आणि त्या काळ्या वाटेचं सर्वांत वरचं, सर्वांत पुढचं टोक बहुधा उगमाजवळ असतं. खात्री करायची तर इंजिन धुऊन कोरडं करावं, कडेने टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी थोडी चालवावी आणि पावडर कुठे भिजली ते पाहावं. स्पार्क प्लगच्या नळ्यांत तेल साठलं असेल तर शंका जवळजवळ मिटते, कारण त्या नळ्यांची रिंगसील या झाकणालाच जोडलेली असतात. ते तेल कॉइलच्या रबरी टोप्या फुगवतं आणि इंजिन अडखळू लागतं. कित्येकदा अशा गाडीला नवे प्लग आणि नवी कॉइल बसते, आणि मूळ कारण जागेवरच राहतं.

गळती म्हणजे नुसता डाग, असं समजून वर्ष वर्ष काढणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. पुष्कळ इंजिनांत या झाकणाच्या अगदी खाली एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड असतो आणि चढावर तो कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. त्यावर ठिबकणारं तेल आधी वास देतं, मग धूर. जवळ जुनी वायर किंवा पेट्रोलची चिरलेली नळी असेल तर गोष्ट आगीपर्यंत जाऊ शकते. लहान मुलांना घेऊन आपण याच गाडीतून रात्रीचे प्रवास करतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. त्याच्या पायऱ्या पुढच्या प्रकरणांत चित्रांसह आहेत. इथे फक्त त्यामागचा विचार मांडतो.

काम थंड इंजिनावर करायचं, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. गरम ॲल्युमिनियममधून बोल्ट काढताना आटे जाण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरुवात करावी आणि वावटळीच्या दिवसांत उघड्या अंगणात हेड उघडं ठेवूच नये. भिंतीच्या आडोशाला, सारवलेल्या किंवा धुतलेल्या जमिनीवर गाडी घ्यावी. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. झाकण सैल करण्याआधी त्याच्या कडेने साचलेली माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण काढावी, कारण झाकण उचललं त्या क्षणी ती माती थेट कॅमवर पडते. प्रत्येक वायर आणि नळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि तिच्यावर चिठ्ठी लावावी. बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवावेत, कारण काहींची लांबी वेगळी असते.

झाकण चिकटून बसलेलं असेल तर मधे पेचकस घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा नव्या पॅकिंगलाही पुरून उरतो. रबरी किंवा लाकडी हातोडीने कडेने हलके ठोके दिले की ते सुटतं. सुटल्यावर हातात येतं ते गाडीचं खरं आरोग्यपत्रक. आतला धातू पिवळसर, सोनेरी असेल तर तेल वेळेवर बदललं गेलं आहे. काळा जाड थर असेल तर आधीच्या मालकाने हयगय केली आहे. दुधट पांढरा लेप असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. थंडीत फार छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो, पण रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेडचं पॅकिंग तपासून घ्यायलाच हवं.

खरा वेळ जातो तो यानंतर. जुनं रबर आणि जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं, आतली भोकं तंतू न सुटणाऱ्या कापडाने बुजवायची आणि सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या फडक्याने दोन्ही कडा पुसायच्या, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिश पेपर किंवा फिरती चकती इथे वापरायची नाही. तिची बारीक पूड तेलात मिसळते आणि बेअरिंग खाते. पृष्ठभागावर तेलाचा हलका थर राहिला तरी सिलिकॉन धरत नाही. एकदा बसवल्यावर सहा महिन्यांत पुन्हा गळायला लागणारी बरीच कामं इथेच, पुसण्याच्या पायरीवर बिघडलेली असतात.

सिलिकॉन हे या कामातलं सर्वांत गैरसमजाचं द्रव्य आहे. पॅकिंग रबराचं असेल तर ते कोरडंच बसतं. सिलिकॉन लागतं ते फक्त टायमिंग कव्हरच्या त्या दोन सांध्यांवर आणि कॅमच्या टोकाशी अर्धगोल वळणं असतील तर त्यांच्या कोपऱ्यांवर, तेही थेंबाएवढं. सगळीकडे जाड वळी ओढली की रबर तिच्यावर घसरतं. आत फुगलेली वळी तुटून तेलात पडते आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकते. मग झाकणाची गळती थांबवायला निघालेला माणूस इंजिनच तेलावाचून मारून बसतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घरगुती सिलिकॉन इथे नको. इंजिनासाठी बनवलेलं, सेन्सरला अपाय न करणारं घ्यावं आणि ट्यूबवरची तारीख वाचावी. लावल्यावर वरची साय काही मिनिटांत धरते, पण पूर्ण घट्ट व्हायला साधारण एक दिवस लागतो. तोवर गाडी सुरू करू नये. शनिवारी संध्याकाळी झाकण बसवून रविवारी संध्याकाळी इंजिन चालू करणं हे या कामाचं साधं वेळापत्रक.

शेवटी आवळणं. हे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे असतात आणि त्यांना लागणारा पीळ बहुतेक मोटारींत ८ ते ११ न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातूनच घ्यावा. १० न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांड्यावर दहा किलोचा भार. दहा नंबरची गोटी लांब दांड्यावर लावून पूर्ण हाताने ओढलं तर याच्या कित्येक पट जोर सहज पडतो. मग ॲल्युमिनियममधले आटे जातात, प्लॅस्टिकचं झाकण चिरतं आणि पत्र्याचं वाकतं. म्हणून आधी सगळे बोल्ट हाताने टेकवायचे. मग मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळायचे. टॉर्क रेंच महाग वाटला तर चार घरांनी मिळून एक घ्यावा. तो वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

कोणत्या गाडीला घरी हात लावू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं आहे. कॉमन रेल डिझेलच्या कित्येक इंजिनांत इंजेक्टर आणि उच्च दाबाच्या नळ्या झाकणावरून किंवा झाकणातूनच जातात. त्या नळ्यांत दाब हजार बारच्या वर असतो आणि त्यातून सुटलेली डिझेलची धार कातडीत घुसते. ते काम साधनं असलेल्या गॅरेजचंच. आटे आधीच गेलेले असतील, हेडची कड खणली गेली असेल किंवा झाकण वाकलं असेल तरी थांबावं. कामातून निघालेल्या तेलकट चिंध्या आणि ओघळलेलं तेल नाल्यात किंवा बांधावर टाकू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि आपल्याकडे नाल्यातलं सगळं शेवटी मन्याडकडेच जातं. डबा भरून तो जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावा.

ही पुस्तिका मिस्त्रींच्या पोटावर पाय देण्यासाठी लिहिलेली नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यास करून, मग उन्हात गाडीखाली झोपून जी माणसं आपला हा भाग चालता ठेवतात, त्यांच्याकडून ऐकलेलं आणि पाहिलेलं इथे पानोपानी आहे, आणि मी त्यांचा ऋणी आहे. त्यांचा वेळ इंजिन उतरवण्याला, गिअरबॉक्सला, पंपाला लागावा, कारण त्या कामांना त्यांच्या हाताशिवाय पर्याय नाही.

पुढची प्रकरणं अशी आहेत: गळतीचा शोध, पीसीव्हीची सफाई, सामान आणि पॅकिंगची खरेदी, झाकण काढणं, कडा साफ करणं, बसवणं आणि नंतरची तपासणी. खरेदीला नांदेडला किंवा लातूरला जाताना आरसीची प्रत सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पॅकिंग बदलतं. काम झाल्यावर इंजिन गरम करून कडेने कोरडा कागद फिरवा, आणि पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा एकदा बघा. तेव्हा बोल्ट नव्याने आवळायचा मोह टाळा. रबराला एकदा दिलेला योग्य दाब पुरतो.

हे एक काम ज्याने स्वतःच्या हाताने नीट पार पाडलं, त्याला इंजिनाची भीती राहत नाही आणि फाजील धाडसही येत नाही. यापुढे कोणतं काम आपल्या अंगणातलं आणि कोणतं मिस्त्रीच्या हातचं, हे तो स्वतः ठरवू शकतो. गॅरेजात गेल्यावर गळती नेमकी कुठे आहे आणि पीसीव्ही पाहिला का, असे प्रश्न तो विचारतो आणि उत्तर समजून घेतो. आपल्या तालुक्यात असे मालक वाढले तर गाड्या सुरक्षित चालतील, मिस्त्रींच्या चांगल्या कामाची कदर होईल आणि घरातल्या मुलामुलींना यंत्र उघडून पाहण्याची वाट मोकळी होईल. त्यांना पहिल्या दिवसापासून जवळ उभं करा, बोल्ट टोचायचा पुठ्ठा त्यांच्या हाती द्या आणि कोणता बोल्ट कुठला, ते त्यांना सांगू द्या.